पट्टी, करंट आणि कंबर : ‘टेन्स’ उपचाराची परखड तपासणी

(राधानगरी इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. वक्ते व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहेत. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे, पुनरुक्ती तेवढी काढली आहे. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न दिले आहेत.)



सुरुवातीलाच तुम्हाला थोडा त्रास देतो. ज्यांची कंबर तीन महिन्यांपेक्षा जास्त दिवस दुखतेय, मग ती रोज दुखो नाहीतर अधूनमधून, त्यांनी हात वर करा. (श्रोत्यांत हात वर होतात.) बरं. आता यातल्या ज्यांनी कधी ना कधी कंबरेला करंट घेतलाय, त्यांनी हात वरच ठेवा. (हशा.) बघा, फारसे हात खाली गेलेच नाहीत. आणि आणखी एक बघा, यात बायकांचे हात जास्त आहेत.

यात नवल काही नाही. आपला तालुका पावसाचा. रोपलावणीला दिवसच्या दिवस वाकून चिखलात उभं राहायचं, गोठ्यातल्या शेणाच्या बुट्ट्या उचलायच्या, वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरनं यायचं, पहाटे आणि सांजच्याला धारेला बसायचं. खाली उतरलं की ऊसतोड, मोळ्या. पुरुषांचं म्हणाल तर ट्रॅक्टर, दुचाकी आणि घाटातले खड्डे. कंबर दुखणार नाही तर काय होणार? आणि हे आपल्याकडेच आहे असंही नाही. २०२० साली जगात जवळजवळ ६१ कोटी ९० लाख माणसांची कंबर दुखत होती असा अंदाज आहे. माणसाला अपंगत्वाकडे नेणाऱ्या कारणांत कंबरदुखीचा नंबर सगळ्यात वर लागतो.

आता कंबर दुखायला लागली की आपल्याकडे एक ठरलेला रस्ता आहे. आधी बाम, मग इंजेक्शन, मग एक्स-रे, मग पट्टा, आणि मग कुणीतरी सांगतं, “जावा, दहा दिवस करंट घेऊन या.” त्या करंटबद्दल मी आज बोलणार आहे. त्याचं नाव टेन्स. ट्रान्सक्युटेनियस इलेक्ट्रिकल नर्व्ह स्टिम्युलेशन. म्हणजे कातडीवर पट्ट्या चिकटवून, कातडीतून, मज्जातंतूंना विजेचे बारीक झटके द्यायचे.

मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे. ह्या पट्ट्या मी स्वतःच्या हाताने हजारो कंबरांना लावल्या आहेत, त्याचे पैसे घेतले आहेत. त्यामुळे आज मी जी टीका करणार आहे ती आधी माझ्या हातावर आहे, मग मशीनवर. आणि माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत कोडं राहायला नको. टेन्स लबाडी आहे असं मी म्हणत नाही. टेन्स जेवढं करतं त्यापेक्षा कितीतरी जास्त काम आपण त्याच्यावर सोपवलंय, आणि त्या नादात जे करायला हवं होतं ते राहून गेलं, असं माझं म्हणणं आहे.

दरवाजा कसा बंद होतो

आधी मशीनला त्याचं श्रेय देऊ. ते काम करतं कसं?

आपल्या धरणाचे दरवाजे तुम्हाला माहीत आहेत. सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की आपोआप उघडतात, पातळी उतरली की आपोआप मिटतात. आता समजा, आपल्या पाठीच्या कण्यातसुद्धा असाच एक दरवाजा आहे. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी नेमकी हीच कल्पना मांडली. तिचं नाव गेट कंट्रोल थिअरी. त्यांचं म्हणणं असं, की कंबरेतून निघालेली दुखण्याची वर्दी थेट मेंदूत जात नाही. वाटेत, कण्यात, तिला एक दरवाजा लागतो. बारीक तंतू दुखण्याची वर्दी आणतात आणि दरवाजा उघडायला लावतात. जाड तंतू स्पर्शाची, दाबाची, थरथरीची वर्दी आणतात आणि दरवाजा मिटायला लावतात.

हे तुम्ही रोज करता. उंबऱ्याला अंगठा आपटला की आधी काय करता? तिथं चोळता. पोराला लागलं की आई फुंकर घालते, हात फिरवते. चोळल्याने जाड तंतू जागे होतात आणि दुखणं थोडं मागं हटतं. टेन्स म्हणजे विजेनं चोळणं. नेहमीच्या पद्धतीत सेकंदाला ऐंशी-शंभर झटके, अगदी हलके, मुंग्या आल्यासारखे. दुसरी पद्धत म्हणजे सेकंदाला दोन-चार झटके, पण जरा जोराचे, स्नायू फडफडतील असे. याने शरीरातली स्वतःची वेदनाशामकं, अफूच्या जातीची जी रसायनं आपल्या मेंदूत आणि कण्यात असतात, ती कामाला लागतात. पुढच्या संशोधनात त्या दरवाजाचं मूळ चित्र बरंच बदललं, पण कण्यात दुखण्याची वर्दी कमीजास्त होते हा गाभा टिकून आहे.

म्हणजे शास्त्र आहे. पण शास्त्राची सुरुवात कुठल्या दुखण्यापासून झाली, ते लक्षात ठेवा. १९६७ साली वॉल आणि विल्यम स्वीट यांनी पहिला प्रयोग छापला. रुग्ण किती? आठ. आणि त्यांचं दुखणं होतं कातडीत जाणवणारं, जुनं, तीव्र. त्यांतल्या चार जणांना, ज्यांच्या मज्जातंतूंनाच आजार होता, दोन मिनिटं करंट दिल्यावर अर्ध्या तासाहून जास्त आराम पडला. प्रयोग सुंदर होता. पण त्यात कंबरदुखी कुठेच नव्हती. चिडलेल्या मज्जातंतूचं दुखणं वेगळं, आणि वर्षानुवर्षं वाकून काम केलेल्या कंबरेचं दुखणं वेगळं. तिथं झोप, थकवा, काळजी, कामाचा बोजा आणि हालचालीची भीती सगळं मिसळलेलं असतं. एका दुखण्यावरचा उपाय दुसऱ्या दुखण्यावर आणला, तर तो तिथं नव्याने सिद्ध करावा लागतो. आपण मात्र मशीन आधी आणलं आणि पुरावा मागं राहिला.

“बरं वाटलं” म्हणजे काय

आता तुम्ही म्हणाल, “पुरावा कशाला पाहिजे? मला बरं वाटलं की!”

हे मी रोज ऐकतो. दाजीपूरच्या बाजूनं येणारी एक मावशी मला म्हणायची, “डाक्टर, करंट घेतला की दोन तास लई ब्येस वाटतंय बघा. पर घरला जाऊन वैरण कापाय बसलं की पुन्यांदा हाय ते हाय.” मावशीच्या या दोन वाक्यांत टेन्सचं सगळं संशोधन आलं. ते कसं, ते सांगतो.

“बरं वाटलं” याला तीन कारणं असू शकतात. एक, करंटने खरंच बरं वाटलं. दोन, जुनी कंबरदुखी भरती-ओहोटीसारखी असते. माणूस दवाखान्यात कधी येतो? दुखणं टोकाला गेल्यावर. त्यानंतर ते तसंही उतरणारच असतं. श्रेय मात्र जे शेवटचं केलं त्याला मिळतं. तीन, तुम्ही आलात, वीस मिनिटं स्वस्थ पडलात, घरातलं कुणी हाक मारत नव्हतं, मी विचारपूस केली, मशीनचा दिवा लुकलुकत होता. ह्या सगळ्यानेही दुखणं कमी होतं, आणि ते खोटं नसतं. पण ते करंटचं काम नसतं.

मग ही तीन कारणं वेगळी कशी करायची? त्यासाठी एक जुनी चाचणी सांगतो, कारण ती फार नेटकी होती. अमेरिकेतल्या रिचर्ड डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली ती न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापली. जुनी कंबरदुखी असलेले १४५ रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार गट केले. पहिल्याला खरं टेन्स. दुसऱ्याला खोटं टेन्स, म्हणजे मशीन तसंच, पट्ट्या तशाच, पण करंट येतच नाही. तिसऱ्याला खरं टेन्स आणि व्यायाम. चौथ्याला खोटं टेन्स आणि व्यायाम.

आता तुम्ही विचाराल, करंट येत नाही हे माणसाला कळणार नाही का? त्यांनी हेही तपासलं. खोटं मशीन मिळालेल्यांपैकी ८४ टक्के लोकांना आपलं मशीन चालू आहे असंच वाटत होतं. अर्थात खऱ्या मशीनवाल्यांइतकी त्यांची खात्री नव्हती, पण वाटत होतं.

महिन्याने काय दिसलं? खऱ्या टेन्सवाल्यांचं दुखणं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी झालं. हे ऐकून कुठल्याही क्लिनिकच्या दारावर पाटी लागेल, ‘निम्मी कंबरदुखी गायब’! पण खोट्या टेन्सवाल्यांचं? ४२ टक्क्यांनी. दोघांतला फरक नगण्य, योगायोगानेही पडू शकेल एवढा. दुखणं, हालचाल, वाकता येणं, अशा अकरा मोजमापांपैकी एकातही टेन्सची सरशी दिसली नाही.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. कारण माझ्याकडे येऊन “बरं वाटलं” म्हणणारी माणसं खोटं बोलत नव्हती. ती खरंच ४७ टक्क्यांतली होती. फक्त त्यातले बेचाळीस मशीनचे नव्हते. ते वेळेचे होते, विश्रांतीचे होते, विश्वासाचे होते.

त्याच चाचणीत व्यायाम करणाऱ्यांना मात्र महिन्याने फरक पडलेला दिसला. दुखणं कमी, वारंवार दुखायचं ते कमी, वावर जास्त. पण पुढं ऐका, कारण माझ्यासारखे व्यायामवाले ही ओळ गिळून टाकतात. त्यानंतर दोन महिन्यांनी बघितलं तर बहुतेकांनी व्यायाम सोडून दिला होता, आणि झालेला फायदाही गेला होता. तेव्हा व्यायाम म्हणजेसुद्धा जादू नव्हे. करत राहिलं तर आहे, सोडलं तर नाही.

दोन्ही बाजू

एका चाचणीवर निकाल द्यायचा नसतो. पुढचं थोडक्यात सांगतो. २००८ सालच्या कॉक्रेन आढाव्यात जुन्या कंबरदुखीवरच्या चार चांगल्या चाचण्या, मिळून ५८५ रुग्ण, एकत्र पाहिले. निष्कर्ष उलटसुलट निघाले, नेहमीच्या उपचारात टेन्स वापरण्याला आधार मिळाला नाही. २०१० साली अमेरिकेतल्या मज्जाविकारतज्ज्ञांच्या अकादमीने सांगितलं की जुन्या कंबरदुखीसाठी टेन्सची शिफारस करू नये. २०१२ साली तिथल्या मेडिकेअरने, म्हणजे वयस्कर लोकांच्या सरकारी विम्याने, संशोधनाबाहेर यासाठी पैसे देणं थांबवलं. २०१६ साली ब्रिटनच्या नाइस या संस्थेने सांगितलं, कंबरदुखीला टेन्स देऊ नका. आयएफटी आणि अल्ट्रासाउंडही देऊ नका. आयएफटी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे क्लिनिकमध्ये जो मोठा डबा असतो, ज्याच्या चार पट्ट्या किंवा चार वाट्या कंबरेला लावतात, तो बहुतेक वेळा आयएफटीचाच असतो. लोक दोन्हीला करंटच म्हणतात. आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या कंबरदुखीवर पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातही टेन्स ‘नको’च्या यादीत आहे. कंबरेचे पट्टे आणि ट्रॅक्शनही त्याच यादीत.

एवढ्यावर मी थांबलो तर तुम्ही टाळ्या वाजवाल, पण मी अर्धंच सांगितलेलं असेल. दुसरी बाजूही दमदार आहे.

२०२२ साली ब्रिटनमधल्या मार्क जॉन्सन यांच्या गटाने ३८१ अभ्यासांचा आढावा छापला, सगळ्या प्रकारच्या दुखण्यांवरचा. त्यांचा निष्कर्ष असा, की टेन्स चालू असताना आणि बंद केल्यावर लगेच, खोट्या टेन्सपेक्षा दुखणं कमी असतं, आणि गंभीर अपाय दिसत नाहीत. शिवाय टेन्सच्या बाजूचे संशोधक म्हणतात की अनेक जुन्या चाचण्यांत करंटचा जोर फारच कमी ठेवला होता. औषधाचा डोस अर्धा दिला आणि औषध चालत नाही म्हटलं, असं ते झालं. हा आक्षेप मला योग्य वाटतो. आणि जागतिक आरोग्य संघटनेची शिफारससुद्धा सशर्त आहे, फार कमी खात्रीच्या पुराव्यावर उभी आहे. ‘फायदा सिद्ध झाला नाही’ आणि ‘फायदा नाही हे सिद्ध झालं’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत. टीका करणारानेही ती एक करू नयेत.

मग खरं कुणाचं? माझ्या मते दोघांचं, कारण दोघं दोन वेगवेगळे प्रश्न विचारतात. जॉन्सन विचारतात, मशीन चालू असताना दुखणं कमी होतं का? उत्तर, बहुधा हो, थोडंफार. डेयो विचारतात, महिन्याभराने या माणसाची कंबर, त्याचं वाकणं, त्याचं काम सुधारलं का? उत्तर, दिसत नाही. आता मावशीची दोन वाक्यं परत आठवा. “दोन तास लई ब्येस वाटतंय”, हे जॉन्सन. “वैरण कापाय बसलं की हाय ते हाय”, हे डेयो.

आणि आपण क्लिनिकमध्ये विकतो काय? ‘दहा दिवसांचा कोर्स.’ कोर्स हा शब्दच बघा. अँटिबायोटिकचा कोर्स पुरा केला की जंतू मरतात, आजार संपतो. करंटचा कोर्स पुरा केल्यावर काय संपतं? बटण बंद केलं की दरवाजा थोड्या वेळाने पुन्हा उघडतो. दहा दिवस साठवून ठेवता येईल असं त्यात काही नाही. उलट रोज त्याच जोरावर, त्याच पद्धतीने घेतलं तर शरीराला त्याची सवय होते आणि असर कमी होत जातो. दिलाशाला आपण कोर्स म्हणून विकलं, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

नुकसान कुठं होतं

“पण अपाय तर नाही ना? मग घेतला करंट तर बिघडलं कुठं?”

बिघडतं ते हिशेबात. वाडीवरनं एक बाई रोज इथं येते. वडापचं जायचं-यायचं भाडं. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. सोबत कुणी आलं तर त्याचीही. वर माझी फी. असे दहा दिवस. आणि अकराव्या दिवशी तिच्या हातात काय आहे? घरी करता येईल असं काही तिला शिकवलं का? कसं उचलावं, किती चालावं, दुखलं तरी काय चालू ठेवावं, हे सांगितलं का? बहुतेक वेळा नाही. कारण पट्ट्या लावल्या की मी पुढच्या खाटेकडे जातो. एका वेळी चार खाटांवर चार मशीन चालू राहतात. मशीनमुळे माझं काम सोपं झालं, हे कबूल केलं पाहिजे. बोलायला, शिकवायला, व्यायाम बघून दुरुस्त करायला वेळ लागतो, आणि त्याला वेगळी फी द्यायला लोक कुरकुरतात. “नुसतं बोलला आणि पैसे घेतले!” मशीन लावलं की मात्र वाटतं, काहीतरी केलं. म्हणजे ह्या बाजारात दोष एकट्याचा नाही. तुम्ही मागता, आम्ही देतो.

दुसरं नुकसान मनातलं आहे. दहा दिवस आडवं पडून कुणीतरी आपल्या कंबरेवर काहीतरी करतंय, यातून माणूस एक धडा शिकतो. माझी कंबर म्हणजे बिघडलेलं यंत्र, आणि दुरुस्ती दुसऱ्याच्या हातात. जुन्या कंबरदुखीत हा धडा फार वाईट. दुखतंय म्हणून हलायचं नाही, हललं नाही म्हणून अंग आखडतं, आखडलं म्हणून आणखी दुखतं.

आणि तिसरं नुकसान माझ्याच हातून झालेलं आहे, ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. पन्नाशीच्या एक मावशी आल्या. कंबरेच्या थोडं वर दुखत होतं. मी दहा दिवस करंट दिला. थोडं बरं वाटलं, म्हणून आणखी दहा दिवस. रात्री झोपेतसुद्धा दुखतं का, संध्याकाळी कणकण येते का, वजन उतरलंय का, हे मी विचारलंच नाही. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांचं पोलकं सैल झालेलं दिसलं, आणि मग मी विचारलं. तिन्हीची उत्तरं हो होती. तपासणीत मणक्याचा टीबी निघाला. औषधांनी त्या बऱ्या झाल्या, पाय वाचले, नशीब माझं आणि त्यांचं. पण सुरुवातीचे दीड महिने मी वाया घालवले होते. करंटने त्यांना अपाय केला नव्हता. त्याने फक्त दुखणं थोडं कमी करून आम्हा दोघांनाही गप्प बसवलं होतं. तेव्हापासून मी पट्टीला हात लावायच्या आधी प्रश्न विचारतो.

ते प्रश्न तुम्हीही पाठ करा. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा गेला, किंवा बसायच्या जागेची संवेदना गेली, किंवा पायातली ताकद कमी होत चालली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं. ताप, उतरणारं वजन, रात्रीचं दुखणं, आधी कॅन्सर झालेला असणं, म्हाताऱ्या बाईला पडल्यावर अचानक सुरू झालेलं दुखणं, यांपैकी काही असलं तर आधी डॉक्टर, करंट नंतर.

मग करायचं काय

बहुतेक कंबरदुखीत असं काही गंभीर नसतं. तिथं काय करावं? जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कागदात ‘हो’च्या यादीत पहिलं आहे समजावून सांगणं, मग व्यायाम. मालीश, सुया टोचण्याची ॲक्युपंक्चर पद्धत, मनाच्या बाजूने करायचे उपचार, गरजेपुरत्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या, हेही आहे. यातल्याही बऱ्याच गोष्टींचा पुरावा कमी खात्रीचाच आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. कंबरदुखीला एकच रामबाण अजून कुणाला सापडलेला नाही.

पण एक चाचणी मला आवडते, कारण तिला मशीन लागत नाही. २०२४ साली ऑस्ट्रेलियातून ती लॅन्सेटमध्ये आली. कंबरदुखीतून नुकते बरे झालेले ७०१ लोक घेतले. एका गटाला फिजिओने चालण्याचा कार्यक्रम आखून दिला, हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, अर्धा-अर्धा तास, आणि जोडीला समज दिली. दुसऱ्या गटाला काही नाही. दुखणं पुन्हा उलटायला दुसऱ्या गटात साधारण ११२ दिवस लागले, चालणाऱ्यांत २०८. म्हणजे जवळजवळ दुप्पट. दुखणं कायमचं गेलं असं कुणी म्हणत नाही. पण तीन महिने जास्तीचे मिळाले, तेही पायातल्या चपलेवर.

आता हे ऐकून शेतातली बाई हसेल. “आम्ही काय कमी चालतोय?” बरोबर आहे. म्हणून शहरातल्या ऑफिसवाल्याचा सल्ला तिला जसाच्या तसा देता येत नाही. तिला ‘विश्रांती घ्या’ म्हणणं म्हणजे थट्टा, आणि ‘वजन उचलू नका’ म्हणणं त्याहून मोठी थट्टा. तिची कंबर काही फक्त तिच्या कंबरेमुळे दुखत नाही. घरातलं सगळं उचलायचं काम एकाच माणसाच्या वाट्याला आलं म्हणूनही दुखते. भारा एक मोठा करण्याऐवजी दोन लहान करता येतात. शेणाची बुट्टी घरातला तरणा पोरगा उचलू शकतो. (हशा.) हसू नका, हे मी चिठ्ठीवर लिहून देतो. करंटच्या पट्टीपेक्षा ह्या ओळीचा विरोध घरात जास्त होतो, हा माझा अनुभव.

आणि टेन्स? ते फेकून देऊ नका. त्याला त्याच्या जागी ठेवा. वेदना इतकी आहे की उठून चालवतच नाही, अशा वेळी पट्ट्या लावा, आणि लावूनच चाला, लावूनच व्यायाम करा. तो दोन तासांचा दिलासा पडून राहायला नका वापरू, हलायला वापरा.

एवढंच सांगायचं होतं. आता प्रश्न घेऊ.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : मला ‘मणक्यात गॅप आहे’ म्हणून सांगितलंय. मग चालायचं कसं?

‘गॅप’ हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झालाय. २०१५ साली एका आढाव्यात, ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही अशा लोकांचे स्कॅन पाहिले. विशीतल्या ३७ टक्के लोकांत मणक्यांमधली गादी झिजलेली दिसली, आणि ऐंशीच्या घरात ९६ टक्क्यांत. केस पिकावेत तसं ते आहे. झीज दिसली म्हणजे तीच दुखतेय असं नाही. वर सांगितलेली गंभीर लक्षणं नसतील, पायात वाढती कमजोरी नसेल, तर चालायला हरकत नाही. दहा मिनिटांपासून सुरू करा.

प्रश्न : पोरानं पुण्याहून टेन्सचं छोटं मशीन ऑनलाइन मागवून दिलंय. घरी लावलं तर चालेल का?

चालेल. पण हृदयाला पेसमेकर बसवलेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. गरोदरपणी पोटा-कंबरेवर नको. गळ्याच्या पुढच्या बाजूला, जखमेवर, बधिर कातडीवर नको. फिट येत असेल तर आधी विचारा. गाडी चालवताना, विळा-कोयता हातात असताना लावू नका. जोर एवढा ठेवा की मुंग्या ठळक जाणवल्या पाहिजेत, पण दुखलं नाही पाहिजे. आणि दोन-तीन आठवडे लावून तुमचं रोजचं काम सोपं झालं का, हे स्वतःशी खरं सांगा. झालं नसेल तर मशीन कपाटात ठेवा. पोराला सांगू नका. (हशा.)

प्रश्न : दिवसभर शेतात राबल्यावर वेगळा व्यायाम कशाला?

राबणं आणि व्यायाम यांत फरक आहे. राबताना किती वेळ, कुठल्या बाजूला, किती वजन, हे काम ठरवतं. तुम्ही चार तास एकाच बाजूला वाकता. व्यायामात ते तुम्ही ठरवता. जे काम दिवसभर झालं नाही ते करायचं. वाकून काम केलं असेल तर अर्ध्या-पाऊण तासाने उभं राहून कंबरेवर हात ठेवून चार वेळा मागं झुका. त्याला ना पैसे लागतात, ना वडाप.

प्रश्न : आता तुम्ही स्वतः करंट देता का?

देतो. खोटं सांगणार नाही. पण आधी प्रश्न विचारतो, मग सांगतो, की हे दोन तासांचं आहे, दहा दिवसांचं नाही. त्या दोन तासांत चालायला लावतो. ‘कोर्स’ हा शब्द मी बंद केलाय. सुरुवातीला निम्मे लोक दुसरीकडे गेले. काही परत आले. ती दोन तासवाली मावशी परत आली. भारा आता दोन खेपांत आणते म्हणाली, आणि एक खेप मालक आणतात. कंबर अजून दुखते तिची. पण करंटला येत नाही, सांगायला येते.